उत्तर कॅनडातला नाताळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उत्तर कॅनडाविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. आधी एक खुलासा, कारण बऱ्याच पत्रांत हा घोटाळा दिसला. ‘एस्किमोंचा नाताळ’ असा एकच एक सण तिकडे नाही. उत्तरेत युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि १९९९ साली वेगळा झालेला नुनावुत असे तीन प्रदेश येतात. क्वेबेकच्या उत्तरेचं नुनाविक आणि लॅब्राडॉरचा किनाराही त्याच दुनियेतले. जंगलाच्या पट्ट्यात देने हे मूळ रहिवासी आणि मेती, म्हणजे मूळ रहिवासी व युरोपियन यांच्या मिश्र वंशाचे लोक, यांची वस्ती आहे. ग्विचिन हेही देनेंपैकीच. झाडं संपली की इनुइटांचा मुलूख सुरू होतो. ‘एस्किमो’ हा शब्द तिथे आता अपमानाचा मानतात, तो टाळावा. या लोकांचे सण वेगळे, औषधंही वेगळी. म्हणून प्रत्येक उत्तरात गाव आणि समाज सांगूनच पुढे गेलो आहोत.

प्रश्न : मुलगी-जावई यलोनाइफला असतात. नाताळात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. जवळच्या देने गावातल्या सणाच्या पंगतीचं आम्हालाही आमंत्रण आहे. तिथे कसं वागावं? आम्ही शाकाहारी आहोत. (नाशिक)

आमंत्रण आहे तर जरूर जा. पंगत गावच्या सभागृहात असते. जाताना ताट, वाटी, चमचा आणि चहाचा मग घरून न्यायची पद्धत आहे. उरलेलं अन्न घरी द्यायचा आग्रह होतो, म्हणून झाकणाचा एक डबाही असू द्या. आधी ज्येष्ठांना वाढतात. तुम्ही वयाने मोठे असाल तर तुम्हाला बसवूनच वाढतील. अशा वेळी ‘नको, नको’ म्हणत उठू नका.

जेवणाआधी बाहेर आग पेटवलेली असेल तर तो अग्नीला घास देण्याचा विधी आहे. ताटातल्या पदार्थांचा थोडाथोडा भाग आणि चिमूटभर तंबाखू अग्नीत घालतात. तो घास पूर्वजांसाठी आणि त्या भूमीसाठी असतो. ढोल वाजत असताना पुरुष टोपी काढतात, कुणी बोलत नाही. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. कागदी रुमाल किंवा चॉकलेटचा कागद त्या आगीत टाकणं हा फार मोठा अनादर समजला जातो. थंडीने गारठलेला नवखा माणूस नकळत नेमकं हेच करतो. जेवणानंतर ढोलांचा नाच सुरू होतो. सगळे एकामागे एक गोलात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, छोटी पावलं टाकत फिरतात. कुणी हात धरून ओढलं तर उठा. पावलं चुकली तरी चालतं, बसून राहिलेलं मात्र लोकांना खटकतं.

आता शाकाहाराचं. ताटात कॅरिबू आणि मूस या हरणांचं मांस, व्हाइटफिश आणि ट्राउट हे मासे असं सगळं येईल. बटाटे, भात आणि बॅनॉक नावाची जाड रोटी असते, पण बॅनॉकमध्ये बहुतेक वेळा डुकराची चरबी घालतात. सूप मांसाच्या पाण्यात शिजवतात आणि जेलीत जिलेटिन असतं. म्हणून थोडं खाऊन जा आणि यजमानांना आधी सांगून ठेवा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. भेट म्हणून संत्र्यांची पेटी न्या. नाताळात सोलायला सोपी छोटी संत्री वाटणं ही कॅनडाभरची जुनी रीत आहे आणि उत्तरेत ताज्या फळांना फार मोल आहे. दारू किंवा रम घातलेला केक नेऊ नका. उत्तरेतल्या अनेक गावांत दारूबंदी आहे.

त्या दिवसांत यलोनाइफला सूर्य सकाळी दहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीनला मावळतो. बाहेरची कामं त्या पाच तासांत उरकावीत.

प्रश्न : बॅनॉक घरी करता येईल का? चरबीऐवजी काय घालावं? (पुणे)

सहज करता येतं. स्कॉटिश फर-व्यापाऱ्यांनी ही रोटी आणली, हडसन्स बे या फर-व्यापारी कंपनीच्या ठाण्यांवर मैदा मिळू लागला आणि तंबूतल्या शेगडीवर होणारं हे अन्न सगळ्या उत्तरेचं झालं. नाताळात त्यात बेदाणे किंवा मनुका घालतात.

तीन कप मैदा, एक मोठा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा मीठ दोनदा चाळून घ्या. पोहे खायच्या चमच्याने बेकिंग पावडर मोजू नका, तो लहान पडतो. एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली धरा. मग ६० ग्रॅम गार लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, रव्यासारखं रवाळ झालं पाहिजे. शाकाहारींनी लोणी किंवा थिजलेलं तूप वापरावं. आपल्याकडच्या उकाड्यात तूप वितळून मैद्यात मुरतं आणि रोटी खुसखुशीत व्हायच्या ऐवजी दडस होते. तूप आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून किसून घातलं की हा त्रास होत नाही. आता अर्धा कप बेदाणे आणि सुमारे सव्वा कप गार पाणी घालून पीठ फक्त गोळा करा. पाणी एकदम ओतू नका, मैद्यागणिक ते कमी-जास्त लागतं.

पोळीच्या कणकेसारखं मळायची सवय हातात असते आणि बॅनॉक बिघडतं ते तिथेच. दहा-बारा वेळा दुमडलं की थांबायचं. जास्त मळलं तर मैद्यातला चिकटपणा ताणला जातो आणि रोटी चामट होते. दोन सेंटिमीटर जाडीचा गोल थापा, मध्ये बोटाने एक भोक पाडा. भोक नसेल तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. जाड बुडाच्या तव्यात थोडं तूप सोडून मंद आचेवर प्रत्येक बाजू बारा ते पंधरा मिनिटं भाजा, तव्यावर झाकण ठेवू नका. ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंचवीस मिनिटं लागतात. वर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं. सुरीने कापू नका, हाताने तोडून लोणी-जॅम लावून गरमच खा. दुसऱ्या दिवशी ते दगड होतं.

प्रश्न : आमच्या घरी मध्यरात्रीची मिसा, गाणी, बँड असं सगळं असतं. तिकडच्या मूळ समाजांत नाताळाचं संगीत कसं असतं? त्यांची स्वतःची वाद्यं चर्चमध्ये वाजतात का? (वसई)

कोणत्या मिशनऱ्यांनी कुठे पाय रोवले यावर तिथलं संगीत ठरलं. लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर नेन या गावात मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाचे लोक १७७१ साली आले आणि त्यांच्यामुळे जर्मन पितळी वाद्यं आली. पुढे इनुइट वादकांनी ती इतकी आपलीशी केली की सणाच्या दिवशी ब्रास बँड घराबाहेर, गोठवणाऱ्या हवेत वाजू लागले. वसईकरांना ब्रास बँडचं अप्रूप नाही, पण अशा थंडीत तोंडातली वाफ नळीत जाऊन गोठते आणि झडपा अडकतात, हे तिथल्या वादकांचं रोजचं दुखणं आहे. वाद्य कोटाच्या आत धरून ऊब द्यायची, छोटी छोटी गाणी वाजवायची आणि मध्ये घरात जायचं, असा त्यावर तोडगा. याच किनाऱ्यावर मुलांना सलगमात किंवा सफरचंदात खोचलेली पेटती मेणबत्ती देतात. सहा जानेवारीच्या रात्री ‘नालुयुक’ येतात. कातड्याचे कपडे आणि मुखवटे घातलेली, हातात काठी घेतलेली ही माणसं गोठलेल्या समुद्रावरून गावात शिरतात. वर्षभर नीट वागलास का, असं मुलांना विचारतात, गाणं म्हणायला लावतात, भेट देतात आणि मग पाठलाग करतात. मुलं खरोखर घाबरतात, तरी दरवर्षी बाहेर येऊन थांबतात.

युकॉनमधल्या ओल्ड क्रो या ग्विचिन गावात जायला रस्ता नाही, विमानानेच जावं लागतं. तिथल्या नाताळात फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजतं. हडसन्स बे कंपनीच्या स्कॉटलंड-ऑर्कनीकडच्या नोकरांनी ते आणलं आणि ग्विचिन वादकांनी त्याच्या चाली बदलून आपल्या केल्या. मेजवानी, कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यती आणि पहाटेपर्यंत चालणारे नाच असा सणाचा आठवडा जातो. त्यात रॅबिट डान्स, डक डान्स आणि दम काढणारा रेड रिव्हर जिग हमखास असतो. अँग्लिकन धर्मगुरू रॉबर्ट मॅक्डोनाल्ड यांनी ग्विचिन सहकाऱ्यांच्या मदतीने केलेलं बायबलचं ग्विचिन भाषेतलं संपूर्ण भाषांतर १८९८ साली प्रसिद्ध झालं. स्तोत्रंही त्याच भाषेत आहेत. नुनावुतच्या गावांत नाताळ ते नववर्ष रोज रात्री सभागृहात खेळ आणि अकॉर्डियनवर स्क्वेअर डान्स, म्हणजे चार जोड्यांचे चौकोनी नाच, चालतात. व्हेल-शिकारी स्कॉटिश खलाशांकडून ते इनुइटांकडे आले. इनुविकचं कॅथलिक चर्च तर इग्लूच्या घुमटासारखं बांधलेलं आहे. ते १९६० साली उघडलं. त्या गावात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर महिनाभर सूर्य उगवत नाही, म्हणून जानेवारीत सूर्याच्या परत येण्याचा वेगळा उत्सव होतो.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. ढोल आणि शामानांची, म्हणजे मांत्रिक-वैदूंची, गाणी अनेक मिशनऱ्यांनी सैतानाची ठरवली. पॉटलॅचसारख्या, म्हणजे मेजवानी आणि भेटी वाटण्याच्या, समारंभांवर १८८५ ते १९५१ पर्यंत कायद्यानेच बंदी होती. सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांत नेलेल्या मूळ समाजांच्या मुलांना नाताळातही घरी जाता येत नसे, इतक्या लांब ठेवलेलं असे. मातृभाषा बोलली म्हणून शिक्षा होत असे. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल माफी मागितली. म्हणून आज नाताळाच्या प्रार्थनेत देने ढोल वाजतो तेव्हा ज्येष्ठांच्या डोळ्यांत पाणी येतं. मात्र काही घरांत आजही ढोल चर्चबाहेरच ठेवतात, कारण आजीला तसंच शिकवलं गेलं. पाहुण्याने या वादात मत देऊ नये.

प्रश्न : बर्फात सील तेलाचा दगडी दिवा लावतात, त्याचा व्हिडिओ पाहिला. आपल्या समईसारखाच वाटला. तो नेमका चालतो कसा? (कोल्हापूर)

त्याला कुल्लिक म्हणतात आणि नुनावुतच्या राजचिन्हावर तो आहे. समईशी साम्य तेल आणि वातीपुरतं. समईत वात तेलात बुडते आणि टोक जळतं. कुल्लिकमध्ये वात अशी वळलेली नसते. अर्धचंद्राच्या आकाराच्या, मऊ साबणदगडाच्या उथळ ताटलीची एक कड सरळ असते. त्या संपूर्ण कडेवर आर्क्टिक कॉटन या गवताचा कापूस आणि वाळवलेलं शेवाळ यांचं मिश्रण बारीक रेघेसारखं पसरतात. म्हणून ज्योत एका ठिकाणी नसते, कडेभर ओळीने जळते.

तेल काढायची युक्ती फार हुशारीची आहे. सीलची चरबी गोठलेली असतानाच कुटतात. गोठलेल्या पेशी फुटतात आणि ऊब लागताच तेल सुटू लागतं. ताजी मऊ चरबी कुटली तर ती नुसती चेपली जाते, तेल देत नाही. कुटलेली चरबी वातीच्या मागे ठेवायची. ज्योतीच्या आचेने ती हळूहळू वितळते आणि दिवा स्वतःच स्वतःला तेल पुरवतो. ताटली वातीकडे जराशी कललेली हवी, नाहीतर तेल मागेच साठतं.

पेटवताना आधी वात तेलात भिजवून घ्यायची, एका टोकाला ज्योत लावायची आणि छोट्या काठीने ती सरकवत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. ही काठी हातातून सोडायची नाही. वात जाड झाली किंवा उंच उभी राहिली की काजळी येते. ती दाबून बोटभर उंचीची, स्थिर ज्योत ठेवायची. शेवाळ दमट असेल तर दिवा तडतडतो. तेल जास्त झालं तर वात बुडून विझते आणि कडेवरून ओघळ येतो. हे सगळं सांभाळणं बायकांचं काम असे. बर्फाच्या घरात याच दिव्यावर बर्फ वितळवून पाणी करायचं, मांस शिजवायचं आणि वर टांगलेल्या जाळीवर ओले हातमोजे आणि बूट सुकवायचे. शिकाऱ्याचे मोजे सुकले नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटांवर बेततं. आज समारंभांच्या सुरुवातीला एखादी ज्येष्ठ स्त्री कुल्लिक पेटवते. सीलचं तेल मिळत नाही अशा शहरांत साधं वनस्पती तेल वापरतात. त्याची ऊब आणि वास वेगळा असतो, पण रीत जिवंत राहते.

प्रश्न : लॅब्राडॉर चहा सर्दीवर चांगला म्हणतात. मुलाने टोरंटोहून पाकीट पाठवलंय. रोज घेतला तर चालेल का? (ठाणे)

रोज नको. ही रोडोडेंड्रॉन कुळातली झुडूप-वनस्पती आहे. दलदलीत उगवते आणि हिवाळ्यातही पानं टिकतात. देने, क्री आणि इनुइट तिचा काढा सर्दी, खोकला आणि घशासाठी घेतात, पण बेताने. तिच्यात लेडॉल हे तेल असतं आणि काही जातींत ग्रेयानोटॉक्सिन हे विषही. जास्त झालं तर डोकं गरगरतं, मळमळतं, नाडी मंदावते.

एक कप उकळून थोडं निवलेलं पाणी, त्यात छोटा चमचाभर वाळलेली पानं, झाकून पाच मिनिटं. एवढंच. चहासारखं पातेल्यात उकळत ठेवायची आपली सवय इथे घातक ठरते, कारण जितकं उकळाल तितका नको तो अंश पाण्यात उतरतो. दिवसातून एक कप, तोही दोन-तीन दिवस. आलं आणि मध चालतं. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, रक्तदाब किंवा हृदयाची औषधं घेणारे यांनी अजिबात घेऊ नये.

पाकीट उघडून पान उलटं करून पाहा. खालची बाजू गंजासारखी तांबूस आणि लोकरी असली पाहिजे, कडा खाली वळलेल्या हव्यात. त्याच दलदलीत बॉग लॉरेल आणि बॉग रोझमेरी या विषारी वनस्पती उगवतात. त्यांच्या पानांची खालची बाजू पांढरट आणि लोकरीविना असते. कोवळ्या पानांची लोकरही पांढरट असते, म्हणून जाणकार गेल्या वर्षीची जुनी पानंच तोडतात. पाकिटात पांढऱ्या पाठीची पानं दिसली तर ते टाकून द्या.

प्रश्न : उत्तरेतले लोक घसा बसला की ‘रॅट रूट’ चघळतात. ते म्हणजे आपलं वेखंडच का? (रत्नागिरी)

जवळचं नातं आहे, पण तेच नव्हे. दोन्ही अकोरस वंशातल्या वनस्पती. उत्तर अमेरिकेतली अकोरस अमेरिकॅनस, आपल्याकडचं वेखंड अकोरस कॅलॅमस. मस्करॅट हे पाणउंदीर ती मुळं खातात, म्हणून हे नाव पडलं. वाळलेल्या मुळाचा वाटाण्याएवढा तुकडा गालात धरून हळूहळू चघळतात आणि चोथा थुंकतात. कडू, तिखट, जीभ बधिर करणारी चव असते. ढोल वाजवणारे गायक रात्रभर गायचं असलं की खिशात ठेवतात.

पण म्हणून घरचं वेखंड तसं चघळू नका. अमेरिकन जातीत बीटा-असारोन हे द्रव्य नसतं, भारतीय वेखंडात ते भरपूर असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी केली. बाळगुटीत वेखंड उगाळून देणाऱ्या आज्या आजही आहेत. बाळाला ते पोटात देण्याआधी डॉक्टरांना विचारावं, असं आम्ही आग्रहाने सांगू. आंघोळीनंतर वरून पूड लावतात ती बाब वेगळी, तरी बाळाच्या नाकातोंडात ती जाऊ देऊ नये.

प्रश्न : स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या डिंकाचं मलम कसं करतात? (व्हँकुव्हर)

झाडाच्या जुन्या जखमेवर वाळलेला, खडे झालेला डिंक काढा. ताजा वाहणारा डिंक झाडाची मलमपट्टी आहे, त्याला हात लावू नये. देने लोक काही घेण्याआधी चिमूटभर तंबाखू किंवा चहा त्या जागी ठेवतात. ५० ग्रॅम डिंक १५० मिली तेलात घाला. भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर तासभर ढवळा. थेट गॅसवर कधीही नको, राळ भपकन पेट घेते. जुन्या सुती कापडातून गरमच गाळा, काडीकचरा राहतो. २५ ग्रॅम मेण वितळवून मिसळा आणि डब्यांत ओता. फार घट्ट झालं तर थोडं तेल, पातळ झालं तर थोडं मेण घालून पुन्हा गरम करता येतं. भांडं आणि चमचा यानंतर स्वयंपाकाला लागणार नाही, जुनंच घ्या. भेगा आणि किरकोळ खरचटण्यावर लावतात. खोल जखम, भाजणं किंवा प्राण्याचा चावा यांवर लावू नका. पहिल्यांदा मनगटावर ठिपका लावून एक दिवस थांबा, काहींना राळेची ॲलर्जी असते.

प्रश्न : बोटं गारठून पांढरी पडली तर बर्फाने चोळावं, असं जुन्या पुस्तकांत आहे. खरं का? (नागपूर)

नाही. चोळल्याने गोठलेल्या पेशींतले बर्फाचे कण आतून कापत जातात आणि बर्फाने बोट आणखी थंड होतं. नुसती पांढरी, बधिर पण मऊ त्वचा असेल तर बोटं काखेत धरा. गालाला तळहात लावा. त्वचा मेणासारखी कडक झाली असेल तर तो हिमदंश. दवाखाना गाठा. तो लांब असेल आणि बोट पुन्हा गोठायची भीती नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. कोपराने पाहा, सोसेल इतकंच कोमट हवं. शेगडीजवळ हात धरू नका. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. ब्रँडीने रक्तवाहिन्या सैल पडून शरीराची ऊब निघून जाते, तंबाखूने त्या आकसतात. दोन्ही टाळा.

आपल्या बायकांसाठी खास सूचना. उणे तीस अंशांत कानातले, नथ आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवा. धातू थंडी थेट त्वचेत नेतो आणि कानाची पाळी सगळ्यात आधी गोठते. सुती मोजे घामाने ओले राहतात, लोकरीचेच घाला. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले की रक्त अडतं आणि पाय जास्त गारठतात.

प्रश्न : हिरव्या भाज्या नाहीत, फळं नाहीत, तरी इनुइटांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) कसा होत नसे? (औरंगाबाद, आहारतज्ज्ञ)

कारण ते कच्चं खात. व्हेलची कातडी चरबीसकट, म्हणजे मक्ताक, आणि सीलचं कच्चं यकृत यांत क जीवनसत्त्व असतं. शिजवल्यावर त्यातलं बरंच नष्ट होतं. सणाच्या पंगतीत जमिनीवर पुठ्ठा अंथरून गोठलेलं कॅरिबू आणि ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा कापून कच्चाच खातात, त्यामागे चवीइतकंच हे शहाणपण आहे. ध्रुवीय अस्वलाचं यकृत मात्र माणसांनी खायचं नाही आणि कुत्र्यांनाही घालायचं नाही, हा जुना नियम. त्यात अ जीवनसत्त्व विषारी ठरेल इतकं साठलेलं असतं.

प्रश्न : झाडंच नाहीत तर नाताळाचं झाड कुठून? आणि सांताला पत्र कुठे पाठवायचं? (डोंबिवली, इयत्ता पाचवी)

नुनावुतमध्ये झाड बहुतेक प्लास्टिकचं असतं. जड सामान उन्हाळ्यात बोटीने येतं. जुलै ते ऑक्टोबर एवढाच समुद्र मोकळा, म्हणून नाताळाचं सामान लोक उन्हाळ्यातच मागवतात. विसरलं तर विमानाचं महागडं भाडं भरावं लागतं. नुनाविकमधल्या कुजुआक गावात जॉनी मे नावाच्या इनुइट वैमानिकाने १९६५ पासून अनेक वर्षं नाताळात विमानातून गोळ्या-चॉकलेटं खाली टाकली. सगळं गाव बर्फात धावत ती वेचायचं!

सांताचा पत्ता असा : सांता क्लॉज, उत्तर ध्रुव, एच०एच ०एच०, कॅनडा. इंग्रजी अक्षरांत लिही, मधले ओ नव्हेत, शून्य आहेत. कॅनडातून तिकीट लागत नाही, भारतातून लावावं लागेल. तुझा पत्ता पत्राच्या आतही लिही, पाकीट फाटलं तरी उत्तर पोचतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टपालात टाक.

प्रश्न : तिकडून भेटवस्तू आणायच्या आहेत. खऱ्या कशा ओळखाव्यात? भारतात टिकतील का? (मुंबई)

इनुइट दगडी शिल्पावर इग्लूचं चित्र असलेली चिठ्ठी पाहा. ही खूण १९५८ पासून चालू आहे, आता ती इनुइट आर्ट फाउंडेशन सांभाळतं. चिठ्ठीवर कलाकाराचं नाव आणि गाव असतं. रेझिनची नक्कल हातात घेतली तर कोमट आणि हलकी लागते, दगड गार आणि जड. देने बायकांची मणीकामाची मोकासिनं, म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, आणि मूसच्या केसांचं टफ्टिंग आमच्या मते सगळ्यात सुंदर खरेदी. टफ्टिंगसाठी फोर्ट प्रॉव्हिडन्स हे गाव प्रसिद्ध आहे. केसांचे झुपके रंगवून टाक्याने आवळतात आणि कात्रीने कातरून उठावदार फूल घडवतात. फुलाचा उंचवटा घट्ट असला पाहिजे. बोटाने हलकं दाबल्यावर केस गळत असतील तर घेऊ नका.

सीलच्या कातड्याची वस्तू घेतलीत तर अमेरिकेमार्गे विमान घेऊ नका. १९७२ च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्याने ती तिथे नेता येत नाही, विमान बदलायला उतरलात तरी अडचण होते. ध्रुवीय अस्वल आणि नार्व्हेल ही लांब दाताची व्हेल यांच्या वस्तूंना सायटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय, परवाना लागतो. तो नसेल तर आणायच्या भानगडीत पडू नका.

धुरात कमावलेल्या मूसच्या कातड्याला धुराचा दाट वास येतो. तो दोष नाही, तीच खरेपणाची खूण. मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर आठवड्याभरात बुरशी धरते. सुती पिशवीत, आत कोरडा कागद भरून, हवा खेळेल असं ठेवा. ओलं झालं तर पंख्याखाली सावलीत वाळवा आणि वाळता वाळता हाताने ताणत राहा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं तर ते आकसून फळीसारखं होतं. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, धुराचा वास जातो तो परत येत नाही. खरेदीची पावती जपा, कस्टममध्ये वस्तू कोणत्या प्राण्याची आहे हे विचारतात.